संथ गळ्याची बाई

सोमवार, ४ मार्च

आज चष्म्याची काडी बदलून घ्यायला साप्ताहिकाचे संपादक दुकानात आले. काउंटरवर मीच होते. माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "फुटपाथवरच्या खड्ड्याचं पत्र तुमचंच ना?" मी म्हटलं, "हो. खड्डा अजून तिथेच आहे." त्यांना हसू आवरेना. म्हणाले, ते पत्र आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचलं.

अगंबाई, मोठ्याने! माझी आजवरची लेखनकीर्ती ती काय? ते एक पत्र, दुकानाच्या काचेवरची ओळ ("दिसतंय त्याहून नीट दिसेल", ती माझी आहे, मालक आपली म्हणून खपवतात) आणि भाचीच्या लग्नात वाचलेलं छोटंसं मनोगत, जे ऐकून दोघीजणी रडल्या. त्यातली एक मी.

पण खरी गंमत पुढेच. त्यांच्याकडे दर शुक्रवारी नव्या गाण्यांच्या अल्बमवर एक छोटं सदर असतं. ते लिहिणारा गृहस्थ गाव सोडून गेला. "चार आठवडे लिहून बघता का? जमलं तर सदर तुमचं." मी सरळ सांगितलं, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणतात, "ज्याला कळत होतं त्याचं कुणी वाचत नव्हतं."

घरी येऊन बॅगही खाली न ठेवता अक्काला सांगितलं. अक्का माझी मोठी बहीण. जन्मभर शाळेत गाणं शिकवलं तिने. आधी दाजी गेले, मग मागच्या वर्षी तिला झटका आला, आणि तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. डोकं लख्ख आहे. उजवा हात जरा आळशी झालाय आणि शब्द वाटेत अडकतात. तोंड उघडते, थांबते, पुन्हा उघडते. बोलण्याचे व्यायाम घ्यायला ज्या बाई येतात त्या दर वेळी मला बजावून जातात, "तिचं थांबून ऐका. शब्द पुरवू नका." मी थांबतेच की! मी नाही थांबणार तर कोण थांबणार?

अक्का म्हणाली, "तू... तू..." मी म्हटलं, "हो गं, मीच! विश्वास बसत नाहीये ना? माझाही नाही बसत." तिने डोळे मिटले. खूश झाली असावी.

हे सदर मला हवंय. इतकं हवंय की चहा कपातच निवला. इतकी वर्षं मी लोकांना समोर बसवून 'आता खालची ओळ वाचा' म्हणत आलेय. एकदा तरी कुणीतरी माझी ओळ वाचावी.

शनिवार, ९ मार्च

संपादकांनी पहिला अल्बम पाठवला. तबकडीवर! म्हणे हल्ली पुन्हा तबकड्यांची हौस आलीय, आणि कंपन्या वर्तमानपत्रांना त्याच पाठवतात. अल्बम अजून बाजारात यायचाय. मला तर बरंच झालं. मोबाईलवर गाणी कशी लावतात ते मला भाची दर महिन्याला शिकवते, पण दाजींचा रेकॉर्डप्लेअर मी डोळे मिटून लावू शकते. अक्काबरोबर तोही माझ्याकडे राहायला आला. त्याचा वेगाचा खटका दाजींनी चिकटपट्टी लावून कायमचा एका जागी बसवून टाकलाय. दुसरा वेग लागायचा तो छोट्या तबकड्यांना, आणि त्या तर केव्हाच वाटून टाकल्या.

अल्बमचं नाव 'दुपारची पाहुणी'. वर गायिकेचा फोटो नाही, नुसतं पिवळ्या पडद्याच्या खिडकीचं चित्र. आठच गाणी, तरी तबकड्या दोन! उधळपट्टी म्हणावी तर ही. नाक मुरडतच सुई ठेवली.

आणि मग मी जी खाली बसले ती उठलेच नाही.

काय गळा आहे या बाईचा! खोल, जड, थकलेला. पन्नाशी तरी नक्की उलटलेली असणार. 'जिना' नावाचं पहिलंच गाणं आहे. दोन्ही हातांत सामान घेऊन कुणीतरी जिना चढतंय आणि प्रत्येक वळणावर थांबून म्हणतंय, "आले गं, आले गं, दार उघड." मागचा ढोल असा वाजतो की जणू पायरीपायरीवर पिशवी खाली ठेवतायत. साथीला पुरुष आहेत तीन-चार, चांगले वयस्कर, दाराशी खुर्च्या टाकून बसल्यासारखे गुणगुणतात. कुठे घाई म्हणून नाही. मला तर आमचाच जिना दिसला. लिफ्ट बंद असली की मी असंच 'आले गं' म्हणत वर येते आणि वर अक्का दार उघडायला निघते तिलाही तेवढाच वेळ लागतो.

अक्काला पण फार आवडलं असावं. पहिल्या कडव्यालाच ती रेकॉर्डप्लेअरकडे बोट दाखवायला लागली. मी म्हटलं, "धूळ ना? पुसते." पुसली. मग तिने बोट हवेत भराभरा गोल फिरवलं. "पुन्हा लावू? लावते की!" पुन्हा लावलं. तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. डोकं दुखत होतं बिचारीचं, आणि मी आपली गाणी लावत बसलेय! लगेच गोळी दिली. गोळी घेतली तिने, पण माझ्याकडे असं काही बघत होती की विचारू नका.

मंगळवार, १२ मार्च

लेख दिला! चारदा लिहिला, तीनदा फाडला. पाहिजे तो शब्द सापडला की अंगातून कसं गरम गरम जातं, ते मला या वयात कळलं. दुकानात एका आजोबांना दूरचं वाचायला लावलं आणि माझं लक्ष मात्र माझ्या दुसऱ्या परिच्छेदात. आजोबांनी सगळं चुकीचं वाचलं, मी "छान छान" म्हणत राहिले. मालकांनी बघितलं.

शेवट असा केलाय: "हल्लीच्या गाण्यांना कुठेतरी पोचायची घाई असते. ही बाई मात्र जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबते, श्वास घेते, आणि आपणही तिच्याबरोबर श्वास घेतो. अर्ध्या वाटेवर दमलेल्या सगळ्यांसाठी हा अल्बम आहे. नाचण्याबिचण्यासाठी हा नाही. हा बसून ऐकायचा."

अक्काला मोठ्याने वाचून दाखवला. ती ऐकताना आधी हसली, मग तोंड उघडून काहीतरी म्हणायला लागली. "पण... पण ही..." मी म्हटलं, "पण शेवट लांबलाय, हेच ना? बघते," आणि एक ओळ कापली. उपयोगी पडते हं अक्का, न बोलतासुद्धा.

शुक्रवार, १५ मार्च

छापून आला. नावासकट! दोन अंक घेतले. मग परत गेले आणि आणखी दोन घेतले. स्टॉलवाला म्हणाला, "पॅकिंगला हवेत का?" मी त्याला पान उघडून नावच दाखवलं. त्याने आधी नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा नाव वाचलं. आभाळ ठेंगणं म्हणतात ते हेच असावं.

अल्बम आजपासून दुकानांत आलाय म्हणे. लोकांना पचेल का? भीती वाटते. इतकं शांत, इतकं खोल कोण ऐकतं आता?

सोमवार, १८ मार्च

दुकानाच्या पलीकडे केस कापायचं दुकान आहे. तिथल्या मुलीला आम्ही कात्रीवाली म्हणतो. गोड आहे पोरगी, पण तिने आज सकाळपासून काहीतरी भयंकर लावलंय. भिंतीतून शब्द कळत नाहीत, नुसतं धाडधाड आणि त्यावर कुणा कार्टीचं चिवचिव. मागे आणखी चार कार्ट्या. मालकांची मान त्यावर डोलत होती! मी म्हटलं, "मालक, अहो, वयाचा तरी विचार करा." ते म्हणाले, "झकास आहे हो, पाय थांबत नाहीत." अशांवरच जग चालायचं आणि 'दुपारची पाहुणी' धूळ खात पडायची.

घरी मात्र आज एक गोष्ट घडली. मी आत काम करत होते, अल्बम लावून ठेवलेला. बाहेरून दोन आवाज यायला लागले. एक त्या बाईचा. दुसरा कुणाचा म्हणून बघायला आले, तर अक्का! डोळे मिटून, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून, तिच्या वर्गात धरायची तसा, अक्का गात होती. "आले गं, आले गं." एकही शब्द अडकला नाही. झटका आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडून सलग चार शब्द ऐकले मी. मी दारातच उभी राहिले आणि घळाघळा रडले. ही बाई जिथे कुठे असेल तिथे तिचं भलं होवो.

शुक्रवार, २२ मार्च

एक नंबर!! आज रेडिओवरच्या यादीत 'दुपारची पाहुणी' पहिल्या नंबरावर. बातमी मालकांनी सांगितली. मी काउंटरवर असा हात आपटला की दोन फ्रेमा खाली पडल्या. लोकांना कान आहेत! मी उगीच जगाला नावं ठेवत होते. इतक्या लोकांना अर्ध्या वाटेवर बसून श्वास घ्यायचा होता आणि कुणाला माहीतच नव्हतं. आणि त्याबद्दल आधी कुणी लिहिलं होतं? असो. शेखी मिरवत नाही.

संध्याकाळी संपादकांचा फोन. म्हणाले, "तुमच्या लेखाने धमाल उडवलीय. लोक हसून हसून लोळतायत. काय तिरकस लिहिता हो तुम्ही! 'नाचण्याबिचण्यासाठी हा नाही', वा! आणि 'साथीला वयस्कर पुरुष', कहर!"

मी "हो हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर लेख पुन्हा वाचला. यात तिरकस काय आहे? मी तर अगदी सरळ लिहिलं होतं. कदाचित खरं बोललं की हल्ली लोकांना हसू येतं. दुसरा लेख (एका बासरीवाल्याच्या अल्बमवरचा) आज छापून आला, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

कात्रीवालीची चिमणी आजही दिवसभर.

शुक्रवार, २९ मार्च

तिसरा लेख आपटला. संपादक तोंडावर म्हणाले, "पहिल्यातली मजा नाही. तो लेख म्हणजे नंबर एकच्या अल्बमची अशी बेमालूम फिरकी होती की बोलायची सोय नाही. चौथा तसा द्या, सदर तुमचं. नाहीतर..." आणि चष्मा पुसत बसले.

फिरकी? माझ्या बाईची? मी तिची फिरकी घेतली असं लोकांना वाटतंय? ती वाचेल तर काय म्हणेल? मी तिच्या पायाशी बसायला तयार आहे आणि इकडे लोक म्हणतायत मी तिची खिल्ली उडवली.

अक्काला म्हटलं, "कुठे चुकलं गं माझं?" ती एकदम ताठ बसली. "वे... वे..." मी म्हटलं, "वेड लागलंय लोकांना, बरोबर बोललीस." तिने उशी फेकून मारली मला! डाव्या हाताने, पण नेम चांगला आहे.

शनिवार, ३० मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

उदास होते म्हणून केस कापून घ्यायला गेले. कात्रीवालीने मला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि आपलं ते चिवचिव लावलं. मी म्हणणार होते, "बंद कर बाई." तेवढ्यात भिंतीशिवाय, पहिल्यांदाच, शब्द ऐकू आले.

"आले गं, आले गं, दार उघड."

मी म्हटलं, "हे काय? हे हिने चोरलं कुठून?" कात्रीवाली म्हणाली, "कुणी?" आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर पिवळ्या पडद्याची खिडकी. "काकू, हाच तो एक नंबरचा अल्बम. तुम्ही यावर लिहिलंय ना? मी सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवते. हसून हसून आम्ही पडायच्या बाकी असतो." मी विचारलं, "ही गाणारी बाई..." ती म्हणाली, "बाई कसली हो, माझ्याहून लहान आहे! मागे तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी गातात."

अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच, गळ्यात ते कापड, अशी मी रस्त्याने निघाले. ती मागून "काकू, काकू" करत राहिली. जिना चढले. लिफ्ट चालू होती, सुचलंच नाही. तबकडी उचलली, मधली चकती खिडकीशी नेली. बारीक अक्षरात लिहिलंय की ही तबकडी छोट्या तबकड्यांच्या जास्त वेगाने वाजवावी. म्हणून दोन तबकड्या, जास्त वेगाने फिरली की कमी मावतं. रोज लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारी मी! नखाने दाजींची चिकटपट्टी खरवडली, खटका सरकवला, सुई ठेवली.

कार्टी. चिवचिवणारी कार्टी, चार मैत्रिणी, धाडधाड ढोल. ती दमून जिना चढतच नाहीये. दोन-दोन पायऱ्या गाळत पळत सुटलीय, कधी एकदा दार उघडतंय असं झालंय तिला.

अक्का सोफ्यावर. माझं डोकं बघून तिचे खांदे हलायला लागले, मग सगळीच हलायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली ती. मी ओरडले, "तुला माहीत होतं?" आणि या वेळी मी काही पुरवलं नाही, कारण माझ्याकडे एकही शब्द उरला नव्हता. नुसती बघत राहिले. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. मग अक्का बोलली.

"पहिल्या... दिवशीच... सांगत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू... गोळी... दिलीस."

रविवार, ३१ मार्च

धूळ पुसली, पुन्हा लावलं, गोळी दिली, ओळ कापली. 'वे' म्हणजे वेग असणार. तिला उत्तर पहिल्या मिनिटाला माहीत होतं आणि मी तिच्या तोंडात दर वेळी माझंच काहीतरी कोंबत गेले. त्या व्यायामवाल्या बाईंना मी मनातल्या मनात किती नावं ठेवली. लाज वाटते, दुसरं काय.

दिवसभर अल्बम त्याच्या खऱ्या वेगाने ऐकला. रागाने सुरुवात केली. पाचव्यांदा ऐकताना राग कुठे गेला कळलं नाही. काय जीव आहे त्या पोरीत! एका दमात इतके शब्द म्हणते आणि एकाचाही कोपरा घासत नाही. 'दार उघड' म्हणताना असं वाटतं, उठून उघडावंच. मालकांची मान उगीच डोलत नव्हती. नंबर एकवर आहे ती तिच्या हिमतीवर, आणि मी भिंतीपलीकडे बसून तिला कार्टी म्हणत होते.

पण ती दुसरी, माझी पन्नाशीची, ती कुठे गेली? ती नव्हतीच कधी. जिवंत माणूस गेल्यासारखं वाईट वाटतंय. तिच्याशी मी मनात बोलायला लागले होते.

संध्याकाळी अक्काला विचारलं, "तुला चुकीचं आहे हे माहीत होतं, तर रोज ऐकत का होतीस? गात का होतीस?" विचारलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, मध्येच तोंड उघडू नये म्हणून. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी बंद झालं, बादली आपटल्याचा आवाज आला.

"त्या... वेगाने... मला... गाता येतं," अक्का म्हणाली.

मी उठले आणि खटका पुन्हा मागे सरकवला. ती गायली. मीही गायले, बेसूर, आणि तिने मला हाताने गप्प केलं, अगदी वर्गातल्यासारखं.

मंगळवार, २ एप्रिल

संपादकांकडे गेले. सगळं सांगितलं, गोळीसकट. आधी ते हसले, त्यांना वाटलं हीसुद्धा फिरकीच. मग माझा चेहरा नीट बघून त्यांनी विचारलं,

"म्हणजे तुम्ही ते मनापासून लिहिलंत?"

"अगदी मनापासून."

"कुणाला सांगू नका. लोक तुम्हाला विनोदी समजतायत, समजू देत की. पहिल्यासारखा एक लेख द्या, कुठलाही अल्बम चुकीच्या वेगाने ऐका, काय बिघडलं? सदर तुमचं."

खरं सांगते, मोह झाला. तिथेच, त्यांच्या टेबलापाशी, मी मनातल्या मनात दुसरा लेख लिहायलासुद्धा लागले होते. नाव छापून आलेलं बघायची सवय फार लवकर लागते. पण मग डोळ्यांसमोर ती पोरगी आली. तिच्या अल्बमवर मी इतकं जीव तोडून लिहिलं आणि तिला वाटणार, कुणीतरी टिंगल केली. ते मला सहन होईना.

मी म्हटलं, "मला फिरकी घेता येत नाही. जमली ती चुकून. चौथा लेख खरा देणार, नसेल चालत तर सांगा."

"लोक हसतील."

"आधीही हसतच होते. मलाच तेवढं माहीत नव्हतं."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "लिहून तर आणा," म्हणाले. ज्या सुरात म्हणाले त्यावरून सदर गेल्यातच जमा आहे. येताना कात्रीवालीकडे जाऊन उरलेले केस कापून घेतले. तिने गाणं बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, "असू दे. आवाज वाढव जरा."

शुक्रवार, ५ एप्रिल

छापला. एक ओळही न कापता. दोन्ही बायका आहेत त्यात. एक धावत जिना चढणारी, जी खरी आहे आणि जिला नंबर एक शोभतो. आणि एक वळणावळणावर थांबणारी, जी फक्त आमच्या घरात राहते आणि जिच्यामुळे माझी बहीण गाते. ज्यांच्या घरी कुणी सावकाश झालंय त्यांनी खटका सरकवून बघावा, असं शेवटी लिहिलंय.

दुपारी संपादकांची चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात आला, सोबत नवी तबकडी. चिठ्ठीत एवढंच: "पुढच्या शुक्रवारसाठी. चकती वाचून मग लावा." यावरून काय समजायचं? मालक म्हणतात मी चहा पाजायला हवा सगळ्यांना. मी म्हटलं, अजून ते स्पष्ट कुठे काही बोललेत? कात्रीवालीने तेवढ्यात चहा सांगूनही टाकला, माझ्या नावावर.

घरी आले. दूध तापत ठेवलं आणि अक्काला लेख मोठ्याने वाचून दाखवला. मग अंक मिटला आणि विचारलं, जे गेल्या महिन्याभरात, आणि खरं तर त्याआधीही, मी तिला कधी धड विचारलंच नव्हतं. "अक्का, मला लिहिता येतं का गं?"

लहानपणापासून घरात गुणी ती. बक्षिसं तिची, टाळ्या तिच्या. मी बडबडी. तिने एकदा बरं म्हणावं म्हणून माझा जीव किती तुटत होता, हे विचारल्यावर मला कळलं.

अक्काने तोंड उघडलं. थांबली. माझ्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. ती गिळली. फोन वाजला, वाजू दिला, वाजून बंद झाला. आत दूध वर यायला लागल्याचा आवाज आला. मी जागची हलले नाही.

"ऐकलंस..." ती म्हणाली, "चुकीचं."

मी मान हलवली. ती अजून संपली नव्हती. तिचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता, शब्द ओढून आणत होता.

"पण जे... ऐकलंस... ते... लिहिलंस... बरोबर."

दूध सगळं उतू गेलं. वास घरभर झाला, अक्का हाताने मला आत जायची खूण करत होती, आणि मला उठताच येईना.